मिरजेच्या चार फेऱ्या

मिरजेला दवाखान्यात निघालेली माणसं एसटीत लगेच ओळखू येतात. कुणाच्या मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा, कुणाच्या हातात डब्याची पिशवी आणि वर दुमडलेली चादर, कुणी खिडकीला डोकं टेकून गप्प. कंडक्टरही त्यांना वेगळ्या आवाजात विचारतो, "मिरज का?" आमच्या कवठेमहांकाळ भागात जुनी माणसं नुसतं "मिरजेला नेलंय" एवढंच म्हणतात. ऐकणाऱ्याला कळतं की दुखणं गावच्या डॉक्टरच्या हाताबाहेर गेलंय. बाजाराला माणूस सांगलीला जातो, हाड मोडलं की मिरजेला.

या वर्षी आम्ही चार वेळा गेलो. आम्ही म्हणजे तिघं: अम्मी, अम्मींचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे मामू, आणि हे लिहिणारे आम्ही. मोडलेला पाय मामूंचा होता, उजवा.

मामू शिलाईचं काम करतात. तीस वर्षांहून जास्त एकच मशीन, पायडलचं, काळं, सोनेरी नक्षी पुसट झालेलं. पठाणी आणि कुर्ता-पायजमा शिवून घ्यायला आजूबाजूच्या सात-आठ गावांतून लोक येतात. ज्यांच्या घरात शिलाईवाला आहे त्यांना सांगायला नको, वर्षाची निम्मी कमाई शाबान लागल्यापासून रमजानच्या पंधरा-अठरा तारखेपर्यंत होते. त्यानंतर ऑर्डर घेत नाहीत, घेतलेल्या पुऱ्या करतात. मामूंचा पाय मोडला तेव्हा रमजान सात-साडेसात आठवड्यांवर आला होता.

मोडला तो अथणीला, लग्नात. मंडपाची पायरी चुकली, पाऊल आतल्या बाजूला मुडपलं आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर आला. तिथल्या पाहुण्यांनी प्रेमानंच त्यांना जवळच्या एका हाडवैद्याकडे नेलं. त्यानं तेल चोळलं, बांबूच्या कामट्या लावल्या, घट्ट पट्टी बांधली आणि "मुरगळलाय, आठ दिवसांत चालाल" असं सांगितलं. मामू नवव्या दिवशी परत आले ते अंगठ्यापासून घोट्यापर्यंत जांभळा पाय घेऊन. कामटीखाली कातडी सोलली होती, आणि मामूंना गेली बारा वर्षं साखर आहे. अम्मींनी पट्टी सोडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी धरायची असं ठरवून टाकलं. मामू वाटभर तिला समजावत होते, "आपा, रोती कायकू? पाव है, हात तो नहीं टूट्या." पण त्यांच्या धंद्यात हातापेक्षा पाय कमी नाही, हे तेही जाणून होते.

कवठेमहांकाळहून मिरज चाळीसेक किलोमीटर. पूर्वी या बाजूनं बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. आता रुंद रूळ आहेत आणि हमरस्ताही मोठा झालाय. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. हा मुलूख दुष्काळाचा. म्हैसाळच्या योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून वर आणलं, तेव्हा कुठं हिरवा रंग दिसू लागला. मिरजेत शिरताना आधी लागतात ते दवाखान्यांचे फलक. हाडांचा, मेंदूचा, हृदयाचा, लहान मुलांचा. गल्लीगल्लीत औषधाचं दुकान आणि त्याच्या शेजारी नातेवाइकांसाठी खाणावळ.

हे गाव असं का झालं? त्याची मुळं विल्यम वॉनलेस नावाच्या एका मिशनरी डॉक्टरापर्यंत जातात. ते जन्मानं कॅनडाचे, १८८९ साली भारतात आले. १८९४ साली मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि काही वर्षांतच तिथं डॉक्टरकी शिकवणंही सुरू झालं. त्या काळी कर्नाटकातून, कोकणातून, निजामाच्या मुलखातून बैलगाड्या आणि आगगाड्या भरून रुग्ण यायचे. मिरज जंक्शन असल्याचा त्याला मोठा आधार झाला. पुढं १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. तिथं शिकलेल्या कितीतरी डॉक्टरांनी इथंच पाट्या लावल्या. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते अशाच एका लहान खासगी दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर. दोन खोल्या, एक एक्स-रे मशीन आणि बाहेर एक लांब बाकडं.

त्या बाकड्याबद्दल लिहायला हवं, कारण पायाविषयी आम्ही जे शिकलो त्यातलं निम्मं तिथंच शिकलो. त्यावर मराठी, कन्नड आणि आपली दखनी सारख्याच जोरात चालते. पहिल्या फेरीला मामूंच्या शेजारी एक गवंडी बसला होता, माडीच्या परातीवरून खाली आलेला. दोन्ही टाचांवर पडल्यामुळं टाचेचं हाड चिरडलं होतं. पण डॉक्टरांनी आधी त्याच्या पाठीचा एक्स-रे काढला. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा मणकाही दबलेला असू शकतो. पाय इतका दुखत असतो की पाठीकडे लक्षच जात नाही. त्याच्या पलीकडं पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा. सोळाशे मीटरची वेळ कमी करायची म्हणून महिनाभर रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळत होता. पडला नाही, झडला नाही, तरी पायाच्या वरच्या बाजूला सूज. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नव्हतं. तीन आठवड्यांनी काढला तेव्हा दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडावर नव्या हाडाचा ढग दिसला. तारेला पुन्हा पुन्हा वाकवलं की ती एका जागी तडकते, तसं हाडाचंही होतं. दूर कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायात हे एकोणिसाव्या शतकापासून दिसत आलंय, म्हणून डॉक्टर त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. पोराला त्या नावाचं थोडं बरं वाटलं. सहा आठवडे पळायचं नाही हे ऐकून वाटेनासं झालं.

आणि तिथंच जतच्या बाजूच्या एक काकू होत्या. त्यांची गोष्ट आपल्या घराघरांत पोचावी असं आम्हाला वाटतं. पंधरा वर्षांची साखर. पाऊल सुजून लाल, हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा गरम, पण दुखणं जवळजवळ नाही. दुखत नाही म्हणून त्या दोन महिने चालत राहिल्या. आत हाडं एकामागून एक मोडत आणि सरकत होती, तळव्याची कमान खाली बसून चपटी झाली होती. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, मग मोडलेलं हाडही ओरडत नाही. डॉक्टर मामूंना म्हणाले, "चाचा, तुमचा दुखतोय ना? शुकर करा. यांचा दुखत नाही, म्हणून मला यांची जास्त काळजी आहे." घरात कुणाला साखर असेल तर संध्याकाळी दोन्ही पावलांना एकदा हात लावून पाहावा. एक गरम आणि सुजलेलं लागलं तर दुखो न दुखो, डॉक्टर गाठावा, आणि तोवर त्या पायावर चालू नये.

मामूंचा एक्स-रे काचेवर लावला तेव्हा आम्हाला आधी काहीच दिसलं नाही. डॉक्टरांनी पेनचं टोक टेकवलं तिथं एक बारीक काळी रेघ होती. करंगळीपासून मागं येणारं जे लांब हाड आहे, त्याच्या मागच्या टोकाच्या थोडं पुढं. आपण पायाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं तर मध्यावर एक उंचवटा लागतो, तेच त्या हाडाचं मागचं टोक. पोटरीकडून येणारा एक स्नायू तिथं घट्ट बांधलेला असतो. पाऊल आत मुडपलं की तो स्नायू हिसका देतो. नुसत्या टोकाचा तुकडा उडाला तर ते बहुधा सोपं जातं, पट्टी किंवा बूट घालून चालता चालताही जुळतं. मामूंची रेघ टोकापासून पुढं सरकलेली होती, आणि फरक तिथंच होता. हाडाच्या त्या टापूला रक्त दोन बाजूंनी थोडं थोडं येतं, मधे पुरेसं पोचत नाही. पाण्याच्या टोकाला असलेल्या शेताचं जे होतं तेच, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या दुष्काळी माणसांना याहून जास्त समजवायची गरज नव्हती.

या मोडण्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स हे इंग्लंडात लिव्हरपूलला हाडांचे नामवंत सर्जन होते. नाचताना त्यांचा स्वतःचाच पाय असा मोडला आणि १९०२ साली त्यांनी त्यावर लिहिलं. त्यात आम्हाला आणखी एक गोष्ट सापडली. जोन्स यांना हे काम शिकवलं त्यांच्या नात्यातल्याच ह्यू ओवेन थॉमस यांनी. त्या थॉमस यांचे वडील आणि त्यांच्या आधीच्या पिढ्या हाडवैद्य होत्या, डिग्री नसलेले, हातानं हाड बसवणारे. वडिलांनी आपल्या मुलांना मुद्दाम डॉक्टरी शिकायला पाठवलं. मोडलेल्या मांडीला लावतात ती थॉमस स्प्लिंट त्याच घरातली. हे वाचल्यावर हाडवैद्यांची सरसकट टिंगल आम्हाला करवत नाही. कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-जहरावींनीही हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात मोडलेली हाडं बसवण्याविषयी सविस्तर लिहून ठेवलंय. हाताला कळतं ते खरंच कळतं. पण हाताला त्या काळ्या रेघेची जागा कळत नाही. टोकाचं मोडलंय की दोन बोटं पुढचं, हे चोळून समजत नाही, आणि बधिर पायावर घट्ट बांधलेली कामटी कातडी खाते आहे हे रुग्णालाही समजत नाही. अथणीच्या त्या माणसाला आम्ही भेटलो नाही, भेटलो असतो तर एवढंच सांगितलं असतं.

घरी बसून ओळखायची एक साधी खूण डॉक्टरांनी सांगितली, ती लिहून ठेवतो. मार लागल्यावर माणसाला त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा बाहेरच्या कडेच्या त्या उंचवट्यावर, नाहीतर आतल्या बाजूला घोट्याच्या पुढच्या हाडावर, किंवा घोट्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मागच्या कडेवर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. नाहीतर बहुतेक वेळा मुरगळच असते. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी ही रीत बसवली, म्हणून तिला त्या गावाचं नाव आहे. आणि साखरेनं बधिर झालेल्या पायाला ही खूण लागू करू नये, तिथं कळच येत नाही. तळव्यावर मधोमध काळानिळा डाग दिसला तर तो दुर्लक्षित करू नये, हेही त्यांनी सांगितलं. पावलाच्या मधला सांधा सुटल्याची ती खूण असू शकते, आणि झोपून काढलेल्या एक्स-रेत ते निसटून जातं.

तर पहिल्या फेरीचा निकाल असा: सोललेल्या जागेची मलमपट्टी, गुडघ्याखाली अर्धं प्लास्टर, दोन आठवड्यांनी सूज उतरल्यावर पूर्ण. सहा ते आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. मशीन बंद. दुसरा रस्ता हाडात स्क्रू घालण्याचा. त्यानं तरुण खेळाडू लवकर मैदानावर येतात. पण साखर चढलेली आणि कातडी सोललेली असताना डॉक्टरांना सुरी लावायची घाई नव्हती. शेवटी त्यांनी मामूंच्या खिशाकडं बोट केलं. "ती पुडी. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात. आधीच टोकाचं शेत, त्यात तुम्ही पाटाला बांध घालता. हाड पाहिजे की तंबाखू, बघा." मामूंनी परतीच्या एसटीत पुडी अम्मींच्या हातात दिली.

आम्ही शाळेत भाषा शिकवतो, हाडांचा आणि आमचा संबंध नाही. पण विज्ञानाच्या सरांकडून सांगाड्याचा तक्ता आणला आणि मामूंच्या खाटेसमोर टांगला. एका पावलात सव्वीस हाडं. दोन्ही पावलं मिळून बावन्न, म्हणजे अंगातल्या दोनशे सहा हाडांपैकी पाव हिस्सा नुसता पावलांत. मामूंनी शिलाईच्या खडूनं एकेकावर खूण करत मोजली: मागं सात ओबडधोबड, मधे पाच लांब, पुढं बोटांची चौदा. "इत्ते टुकडे जोडके बनाया," ते म्हणाले, आणि बराच वेळ तक्त्याकडं पाहत राहिले. ज्यांनी आयुष्यभर तुकडे जोडून कपडा उभा केला, त्यांना ते बघायला आवडणारच.

घरातले दिवस मात्र अवघड गेले. पहिला आठवडा पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा, म्हणजे उशीवर उशी. बोटं सतत हलवत राहायची. बोटं निळी पडली, बधिर झाली, गोळी घेऊनही कळ वाढत गेली, पोटरी दुखून फुगली किंवा प्लास्टरातून वास आला, तर वेळ न पाहता निघून यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाज ही वेगळीच परीक्षा. मामूंनी एकदा आपली लाकडी पट्टी प्लास्टरात सरकवायला घेतली. अम्मींनी ती हिसकावून कपाटात कुलपात घातली. साखरेच्या पायाला आत एक ओरखडा पुरतो. वजूचा प्रश्न आला तेव्हा मशिदीतल्या मौलानांनी सोपं करून दिलं: बाकीचे अवयव धुवायचे, प्लास्टरवर ओला हात फिरवायचा. नमाज खुर्चीवर.

येणाऱ्या प्रत्येकानं पायाचा शोरबा आणला. मोहल्ल्यातलं प्रेम पातेल्यातून येतं, नाही कसं म्हणणार? दुसऱ्या फेरीत अम्मींनी विचारलं तेव्हा डॉक्टर हसले. शोरबा प्या, पण हाडातलं कॅल्शियम त्यात आपल्याला वाटतं तेवढं उतरत नाही. दूध, दही, नाचणी, तीळ, अंडी, डाळ. हाड आधी मांसासारखं मऊ जोडलं जातं आणि मग त्यात चुना भरतो, म्हणून प्रोटीनही तेवढंच हवं. आणि सकाळी ऊन. हाड जोडलं जातं कसं, तेही त्यांनी सांगितलं: मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत तिथं मऊ सांधा धरतो, मग तो कडक होत जातो, आणि त्याला घासून पुसून मूळ आकार द्यायचं काम पुढं कितीतरी महिने आतल्या आत चालू राहतं. मामू म्हणाले, "पहले कच्ची सिलाई, फिर पक्की." डॉक्टरांनी ते वाक्य शेजारच्या पेशंटला लगेच ऐकवलं.

त्या दुसऱ्या फेरीत परतीच्या गाडीला दोन तास होते. मामूंनी सितारमेकर गल्ली पाहायचा हट्ट धरला. रिक्षावाल्यानं दुकानाच्या पायरीशीच उतरवलं. मिरजेचं हे दुसरं नाव. इथले शिकलगार पूर्वी तलवारी आणि भाले पाजळायचे. संस्थानांच्या फौजा गेल्या, हत्याराचं काम बसलं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यं दुरुस्त करता करता तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. पुढं घराणीच्या घराणी त्यात गेली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात छतापर्यंत भोपळे टांगलेले होते. ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. वाळायला महिने घेतात, ओला भोपळा कापला तर पुढं चिरतो. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसले होते, मामू कुबड्यांवर उभे. दोघांचं हत्यार, लाकूड, सरस, मापं यांवर असं बोलणं सुरू झालं की आम्हाला आणि अम्मींना बाहेर पायरीवर बसावं लागलं. निघताना तिथल्या वयस्कर उस्तादांनी मामूंच्या प्लास्टरकडं पाहून विचारलं, "किती दिवस?" मामू म्हणाले, सहा आठवडे. ते म्हणाले, "भोपळ्याला याहून जास्त देतो आम्ही."

ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा तिथून लांब नाही. किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खां १९३७ साली वारले, त्यांची कबर याच आवारात आहे. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी इथं गाण्याच्या मैफली होतात. उर्सात पहिला गलेफ चढवायचा मान चर्मकार समाजाचा, पिढ्यानपिढ्या. अम्मींनी बाहेरूनच फातिहा पढली. मामूंना कुबड्यांवर फरशीवरून न्यायची आमची तयारी नव्हती.

तिसरी फेरी शाबानच्या शेवटी. सहा आठवडे पुरे झाले होते, दुकानात कापडाचे गठ्ठे चढले होते, आणि आम्ही प्लास्टर निघणार या भरवशावर गेलो. प्लास्टर निघालं. आतला पाय पाहून अम्मींनी तोंड फिरवलं: पोटरी निम्मी झालेली, कातडी कोरडी पांढरी. हे सगळं ठीक, हे भरून येतं, असं डॉक्टर म्हणाले. जुनी जखमही सुकली होती. पण एक्स-रेत ती काळी रेघ तशीच होती. थोडी पुसट, पण होती.

डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे शेजारी लावले आणि काही वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "तंबाखू?" मामू खाली बघत राहिले. दुकानातलं पोरगं रोज दुपारी आणून देत होतं, हे आम्हा दोघांना तिथं कळलं. अम्मी काही बोलल्या नाहीत. आम्ही अम्मींना इतकं गप्प फार कमी वेळा पाहिलंय.

रेघ तशीच राहिली तर स्क्रू घालावा लागेल, कदाचित कमरेच्या हाडातला थोडा चुरा तिथं भरावा लागेल. खर्च साठ-सत्तर हजारांच्या घरात. म्हणजे रमजानची सगळी कमाई, जी अजून झालीच नव्हती. आणखी चार आठवडे दिले. या वेळी काढता-घालता येणारा बूट, पण पाय टेकवायचा नाही ही अट कायम. अटीत तंबाखू पुन्हा लिहिली, चिठ्ठीवर, औषधांच्या वरच्या ओळीत. साखरेच्या गोळ्या बदलल्या. रोज्यांचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, यंदा साखर वर-खाली होऊ द्यायची नाही. आजारी माणसाला रोजे पुढं ठेवायची मुभा आहे, मामूंना ती घ्यावी लागली. पुढं सेहरीला घर उठलं की ते जागेच असायचे.

धंद्याचा तोडगा मिळाला तो मिरजेतच. लक्ष्मी मार्केटच्या बाजूला मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात शिलाई मशीनची मोटर मिळाली. तिचा पायडल सुटा असतो, वायरच्या टोकाला. तो डाव्या पायाखाली ठेवायचा, उजवा पाय स्टुलावर उशीवर. दुकानदारानं आधी "उजव्यानंच चालवतात" म्हणून समजावलं, मग बूट पाहिला आणि वायर लांब करून दिली. घरी आल्यावर मशीनचा चामडी पट्टा काढून मामूंनी स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवला. पहिले दोन दिवस टाके भरकटले. तीस वर्षं उजव्या पायाच्या लयीवर हात चालत आलेला, डाव्या पायाला लय कुठून येणार? तिसऱ्या दिवशी एका पोराचा पायजमा निघाला, सरळ. कापायचं काम मामूंनी खुर्चीवर बसून करायचं, काज-बटण अम्मी आणि आमच्या शाळेतल्या दोन माजी विद्यार्थिनी. दरवर्षीच्या निम्म्याच ऑर्डर घेतल्या. बाकीच्यांना मामूंनी स्वतः फोन करून दुसऱ्या शिंप्याचं नाव सांगितलं. हे त्यांना फार जड गेलं, पण ईदच्या आदल्या रात्री कुणाला रिकाम्या हातानं पाठवण्यापेक्षा ते बरं.

पुडीची जबाबदारी दुकानातल्या त्या पोरानं घेतली. कसं ते विचारू नका. त्यानं मामूंना बडीशेप आणि लवंग याशिवाय काही आणून दिलं नाही, आणि मामू दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

चौथी फेरी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात. रोजा, ऊन, आणि एसटीला गर्दी. दवाखान्यात नंबर उशिरा लागला. या वेळी एक्स-रे काचेवर लावताच अम्मींनीच डॉक्टरांच्या आधी बोट ठेवलं. रेघेच्या एका बाजूला पांढरट साय धरली होती. दुसऱ्या बाजूला रेघ अजून होती, पण पूल पडला होता. डॉक्टर म्हणाले, स्क्रू नको. बूट घालून, कुबड्या धरून, आता थोडा थोडा भार टाकायचा. वजनकाट्यावर पाय दाबून बघायचा, पहिल्या आठवड्यात दहा-बारा किलो, मग वाढवत न्यायचं. कळ आली की एक पायरी मागं. जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायचा, पाऊल वर-खाली, मग टेबल धरून टाचा उचलायच्या. संध्याकाळी सूज येईल, ती कित्येक महिने येत राहील, त्याला घाबरायचं नाही. चप्पल बंद, मऊ तळव्याचा बूट, घरातही.

बाहेर पडेपर्यंत मगरिबची वेळ झाली. स्टँडवर फलाटाच्या कडेला आम्ही खजूर काढले. शेजारी प्लास्टर घातलेला एक कन्नड मुलगा आणि त्याचे वडील बसले होते, त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. मामूंचा रोजा नव्हता, तरी ते अजान होईपर्यंत खजूर हातात धरून थांबले.

ईद झाली. मामूंनी नमाज ईदगाहवर खुर्चीवर पढली, बूट घालून. आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते खिळ्यावरचा पट्टा काढून मशीनला लावतात आणि दोरा न ओवता उजव्या पायानं दहा मिनिटं पायडल मारतात. डॉक्टरांनी एवढीच परवानगी दिलीय. मग पट्टा परत खिळ्याला, आणि मोटर सुरू. पाचव्या फेरीची तारीख बकरी ईदनंतरची आहे.